टेबलावरच्या शेगडीवर आपलं जेवण कधी येणार?

बार्बेक्यू बुफे मला मनापासून आवडतो. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एका टेबलाभोवती बसतात, मधे निखारे धगधगत असतात, ऑर्डर देताना कुणाला किमतीच्या रकान्याकडे बघावं लागत नाही. आमच्याकडे वाढदिवस, नोकरीची बातमी, दहावीचा निकाल, सगळं तिथेच साजरं होतं. बार्बेक्यू नेशननं २००६ मध्ये मुंबईत पहिलं रेस्टॉरंट काढलं. त्यानंतरच्या वर्षांत टेबलात बसवलेली शेगडी, सळ्या आणि 'आता पुरे' सांगणारा तो छोटा झेंडा आपल्याकडे चांगलाच रुळला. आज अशा कितीतरी साखळ्या आहेत आणि स्थानिक हॉटेलवालेही तेच करतात. या जागा चांगल्या चालाव्यात असं मला वाटतं, म्हणूनच हे लिहितेय.

अलीकडे यातल्या बऱ्याच ठिकाणी 'प्रादेशिक जेवण' सुरू झालंय. कधी राजस्थानी, कधी मलबारी, कधी आपलं मराठी. कल्पना उत्तम आहे. पण शेगडीवर तेच ते पनीर-चिकन राहतं आणि प्रादेशिक पदार्थ लांबच्या काउंटरवर, झाकणाच्या भांड्यांत जाऊन बसतात. माझ्या मते हे बरोबर उलटं व्हायला हवं.

गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या वाढदिवसाला पुण्यातल्या अशाच एका ठिकाणी गेलो होतो. (नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका हॉटेलचा नाही.) दारात नथ, फेटा, तुतारी असा सगळा थाट आणि मराठी जेवणाचा मोठा फलक. टेबलावर निखाऱ्यांची शेगडी आली, मागोमाग सळ्या आल्या. पनीर, मशरूम, अननस, कोळंबी, चिकन. सगळ्यांना एकच तंदुरी मसाला: चक्का, आलं-लसूण, काश्मिरी मिरची, सरसोंचं तेल, वरून कसुरी मेथी. डोळे मिटून खाल्लं तर मशरूम कुठलं आणि पनीर कुठलं हे फक्त दातांना कळावं. फाळणीनंतर दिल्लीत स्थिरावलेल्या पंजाबी हॉटेलवाल्यांनी तंदूर देशभर पोचवला, त्या चवीबद्दल मला आदरच आहे. पण बाहेर मराठी जेवणाचा फलक लावायचा आणि विस्तवावर मात्र त्यातलं काहीच ठेवायचं नाही, हे मला पटत नाही. शिवाय या सळ्या बहुतेक आतूनच भाजून येतात. टेबलावरची शेगडी त्यांना गरम ठेवते, वरून थोडं तेल लावलं की चुरचुरतात, इतकंच.

मग आम्ही काउंटरवर गेलो. तिथे पांढरा रस्सा होता. चांगल्या मटणाच्या आळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, खसखस, तीळ, काजू आणि नारळाचं दूध घालून केलेला हा रस्सा वाटीत कसा एकजीव, पातळ आणि गरम यायला हवा. इथे डाव फिरवला तेव्हा वर तेलाचा तवंग आणि खाली दाणेदार चोथा, मधे नुसतं पाणी. आचाऱ्याचा हात चांगला असणार, कारण आळणीची चव अजून त्यात होती. पण नारळाचं दूध तासन्‌तास खालून तापत राहिलं तर फुटणारच. गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवावं लागतं, ते बरोबरच आहे, तब्येतीचा प्रश्न आहे. म्हणजे जो पदार्थ तेवढा वेळ तापत राहू शकत नाही, तो त्या भांड्यात भरायचाच नाही. आतून वाटी-वाटी आणून द्यायची.

शेजारी भरीत होतं. सासूबाईंचं माहेर जळगावकडचं. त्यांनी चमचाभर घेतलं, चाखलं आणि मला म्हणाल्या, "अगं, हे वांगं भाजलंय कुठे? उकडलंय." त्यांच्याकडची भरिताची वांगी म्हणजे हिरवट-पांढरी, हातभर लांब, बियांना कमी. त्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कपाशीच्या काट्यांच्या, म्हणजे वाळक्या काड्यांच्या, जाळावर ती भाजायची, साल काळीठिक्कर पडून आतला गर धुरानं भरला पाहिजे. मग लाकडी भांड्यात ठेचायची, हिरवी मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वर तेल, आणि सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी. त्या भरितात धूर हाच मुख्य मसाला. आणि आमच्या टेबलावर तेव्हा चांगले फुललेले निखारे अननसाखाली जळत होते! एक वांगं त्यावर ठेवलं असतं तर सासूबाई तिथून हलल्या नसत्या.

त्या अख्ख्या हॉलमध्ये सगळ्यात मोठी रांग कुठे होती सांगू? कोपऱ्यात एक मावशी ज्वारीची भाकरी थापत होत्या, तिथे. परातीत पीठ मळायचं, थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग थेट जाळावर. माझ्या पुढच्या मुलानं ताट पुढे केलं तर म्हणाल्या, "थांब बाळा, फुगू दे." फुगली, मग त्याच्या ताटात पडली. वर लोणी आणि ठेचा. शाळकरी पोरं चीजवाले बटाटे सोडून तिथे उभी होती. म्हणजे लोकांना प्रादेशिक जेवण नको असतं हे खोटं आहे. समोर विस्तव असला, करणारा हात दिसला आणि पदार्थ तयार झाल्या झाल्या ताटात आला की लोक रांग लावतात.

आणि आपल्या देशात निखाऱ्यावरच्या पदार्थांची काय कमी आहे का? रायगडात थंडीत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा आणि मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानं बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. तिकडे वलसाडला हायवेच्या कडेला जवळपास याच रीतीनं उंबाडियू होतं, कंद, रताळी आणि पापडीचं, पूर्ण शाकाहारी. श्रीनगरच्या खय्याम चौकात संध्याकाळी सळ्यांवर तुज्ज, म्हणजे मसाला लावलेले मटणाचे तुकडे, भाजतात आणि लवासा रोटीत, चटण्यांबरोबर देतात. राजस्थानी सुला म्हणजे सळीवर भाजलेलं मटण, ते मऊ करायला काचरी हे छोटं रानफळ लावतात. हैदराबादी पत्थर का गोश्त तर तापलेल्या दगडावरच होतं. बिहारची लिट्टी गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, आपल्या विदर्भातले रोडगेही तसेच. आंध्रातल्या अराकूकडे चिकन बांबूच्या नळीत भरून भाजतात. कोकणात सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून वर कांदा आणि खोबरेल तेल. (याचा वास हॉलभर पसरेल हे मान्य, पण एकदा करून बघाच.) आणि मराठवाड्यातला हुरडा? कोवळी ज्वारी, आगटी, तळहातावर चोळलेले गरम दाणे आणि लसणाची चटणी.

हे सगळं विस्तवासाठीच जन्माला आलेलं जेवण आहे. टेबलाच्या मधोमध विस्तव तयार आहे. तरी आपण त्यावर स्वीट कॉर्न परततो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मालकांच्या अडचणी मी समजू शकते. दर ठरलेला असतो, संध्याकाळी दोन पंगती उठवायच्या असतात. काट्या-गोवऱ्यांचा धूर एसी हॉलमध्ये चालत नाही. पण पोपटी टेबलावर शिजवायची गरज कुठे आहे? मडकी मागच्या अंगणात किंवा गच्चीवर लावा, टेबलाजवळ आणून उघडा. ती वाफ सुटली की आणखी जाहिरात लागणार नाही. वांगी आधी भाजून ठेवा, समोर ठेचून द्या. काउंटरवर पाच राज्यांच्या तीस भांड्यांऐवजी एका वेळी एकाच भागाचे सहा-सात पदार्थ ठेवा, थोडे थोडे, ताजे. दालबाटी, उंधियू आणि मटण रस्सा एकाच ताटात एकमेकांत मिसळले की कुठलीच चव धड कळत नाही, आणि निम्मं अन्न वाया जातं ते वेगळंच. त्यात वाचलेले पैसे चांगल्या वांग्यांवर खर्च करा. आणि कृपा करून लालभडक रंगाला कोल्हापुरी म्हणणं थांबवा. कोल्हापूरची चव कांदा-लसूण मसाल्यात आणि चांगल्या मटणात आहे.

आपणही थोडं बदलायला हवं. पैसे वसूल करायचे म्हणून सळ्यांवरच पोट भरतो आणि मग काउंटरवरून नुसती चक्कर मारून गुलाबजामकडे वळतो. भाकरीवाल्या मावशींसारखं कुणी दिसलं तर जेवण तिथून सुरू करा. बिल देताना जो अभिप्राय लिहून घेतात, त्यात 'छान' एवढंच न लिहिता काय आवडलं ते नावानिशी लिहा. मी त्या दिवशी भाकरीचं भरभरून कौतुक लिहिलं, रस्सा फुटला होता हेही लिहिलं, आणि मॅनेजरशीही बोलले. मुलगा चांगला होता, ऐकून घेतलं. पोपटी म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं, तर फोनवर फोटो दाखवले.

थंडी तोंडावर आहे, वालाच्या शेंगा येतील. पुणे-मुंबईकडे कुठल्या बार्बेक्यूवाल्यानं पोपटी किंवा काट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत सुरू केलं तर मला नक्की कळवा. आमचं सगळं कुटुंब येईल, सासूबाई सगळ्यांच्या पुढे.