कार्ड रीडरचे चार ड्राइव्ह का दिसत नाहीत: दुकानाकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की आमच्याकडून कार्ड रीडर (मेमरी कार्ड घालायचे चार स्लॉट, म्हणजे खाचा, असलेला भाग) बसवून घेतला, पण घरी दिस पीसी उघडलं तर सी आणि डी सोडून काहीच नाही, जुन्या मशिनवर मात्र चार ड्राइव्ह दिसायचे. शिवाय हिशेबाचा बॅकअप घ्यायचा पेन ड्राइव्ह पूर्वी ई म्हणून यायचा, तो आता आय म्हणून येतो आणि बॅकअप अडतो. मशिन देताना हे सांगायला हवं होतं, ते आमच्याकडून राहिलं. त्याबद्दल माफी मागतो.

रीडर मात्र चालू आहे, आणि ते तुमच्या दुसऱ्या तक्रारीवरूनच कळतं. पेन ड्राइव्ह ई वरून थेट आय वर गेला, म्हणजे मधली ई, एफ, जी, एच ही चार अक्षरं रीडरच्या चार स्लॉटनी घेतली आहेत. विंडोजला रीडर सापडलाच नसता तर अक्षरं अडली नसती.

दिसत नाहीत याचं कारण 'हाइड एम्प्टी ड्राइव्ह्ज' ही सेटिंग. विंडोज ७ पासून ती आहे आणि मुळातच चालू असते. इथे 'रिकामा' म्हणजे ज्या स्लॉटमध्ये कार्डच नाही तो. कोरं, एकही फाइल नसलेलं कार्ड घातलंत तरी ड्राइव्ह दिसेल. आधी एवढंच करून बघा: एसडी कार्ड नीट आत बसवा आणि विंडोज + ई दाबा, म्हणजे फाइल एक्सप्लोररची खिडकी उघडेल.

कार्ड नसतानाही चारही स्लॉट दिसायला हवे असतील तर विंडोज ११ मध्ये त्याच खिडकीत वरच्या तीन टिंबांवर क्लिक करून ऑप्शन्स, मग व्ह्यू टॅब, आणि 'हाइड एम्प्टी ड्राइव्ह्ज'समोरची टिक काढून अप्लाय. विंडोज १० मध्ये वरच्या व्ह्यू टॅबमध्ये उजवीकडे ऑप्शन्स आहे, पुढचं सगळं तेच. आमचं मत विचाराल तर टिक राहू द्या. चार सारखे दिसणारे 'रिमूव्हेबल डिस्क' समोर आले की घरातलं कोणीतरी चुकीच्या स्लॉटवर क्लिक करतं, 'प्लीज इन्सर्ट अ डिस्क' असा निरोप येतो, आणि कार्डच गेलं असं वाटून जीव टांगणीला लागतो.

ही सेटिंग फक्त डोळ्यांपुरती आहे. लपलेला स्लॉटही आपलं अक्षर धरून बसतो, म्हणून बॅकअपचं दुखणं वेगळं सोडवावं लागेल. विंडोज + एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली 'नो मीडिया' लिहिलेल्या चार ओळी दिसतील. प्रत्येकीच्या डावीकडच्या करड्या चौकोनावर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', चेंज, आणि ई, एफ, जी, एच च्या जागी डब्ल्यू, एक्स, वाय, झेड द्या. मग पेन ड्राइव्ह लावा आणि त्याच पद्धतीने त्याला ई द्या. विंडोज ते लक्षात ठेवतं. काही स्वस्त पेन ड्राइव्हना स्वतःचा सिरियल नंबर नसतो, ते दुसऱ्या पोर्टमध्ये लावले की विंडोजला नवे वाटतात, म्हणून बॅकअपसाठी पोर्ट एकच ठेवा. सी आणि डी च्या अक्षरांना हात लावू नका.

नेटवर कोणी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदींत) 'नोड्राइव्ज' टाकायला सांगेल, ते करू नका. त्याने ते अक्षरच एक्सप्लोररमधून लपतं, मग कार्ड घातलं तरी दिसत नाही.

कार्ड घालूनही ड्राइव्ह आला नाही तर पुन्हा डिस्क मॅनेजमेंटमध्येच बघा. कार्डाची साइझ दिसतेय पण अक्षर नाही, तर अक्षर द्या. 'फॉरमॅट करा' असं विचारलं आणि कार्डात फोटो असतील तर कॅन्सल दाबा, कार्ड काढून ठेवा आणि आमच्याकडे घेऊन या. त्यावर काहीही कॉपी करू नका. आणि त्या चार ओळीच नसतील, तर रीडरची ९ पिनची केबल मदरबोर्डच्या (कॅबिनेटमधल्या मुख्य बोर्डाच्या) यूएसबी हेडरवरून, म्हणजे ती जिथे खोचतात त्या पिनांवरून, सैल झाली असणार. टॅक्सीत धक्के बसले की असं होऊ शकतं. तसं असेल तर ते काम आमचं, पैसे लागणार नाहीत.

कॅबिनेट पुन्हा टॅक्सीत घालून लॅमिंग्टन रोडला आणण्याआधी डिस्क मॅनेजमेंटचा फोटो बिलावरच्या व्हॉट्सअॅप नंबरवर पाठवा. बहुतेक काम फोनवरच होईल. रविवारी दुकान बंद असतं.