काहिलीत ढेप धरत नाही

परवा करवीर तालुक्यातल्या मामांच्या गुऱ्हाळावर रात्र काढली. उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीजवळ बसून मोबाइलवर सर्न या युरोपातल्या कणसंशोधन संस्थेच्या ॲलिस प्रयोगाबद्दल वाचत होतो. मामांनी विचारलं, "काय एवढं बघतोयस?" म्हटलं, "मामा, तिथंबी तुमचाच प्रश्न हाय. एवढ्या जाळात ढेप धरती कशी?"

"जाळात कुठं धरती? गार करायच्या वाफ्यात वतल्यावर धरती."

आता ऐका. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण आदळवायच्या यंत्रात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळले की त्या एवढ्याशा जागेत सूर्याच्या गाभ्याच्या लाखपट तापमान होतं. ऊर्जेच्या मापात 100 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर. आणि ड्यूटेरॉन, म्हणजे एक प्रोटॉन नि एक न्यूट्रॉन मिळून झालेलं अणुकेंद्र, त्यातली गाठ किती घट्ट? त्याच मापात फक्त 2.2! तरी ड्यूटेरॉन निघतात, हेलियम-3 निघतो, प्रतिड्यूटेरॉन, म्हणजे ड्यूटेरॉनचे प्रतिद्रव्यातले जोडीदार, तेसुद्धा निघतात.

यावर दोन तट. एक म्हणतो, सगळे कण एकाच तापमानाला ठरतात, अणुकेंद्रंही त्यातच. दुसरा म्हणतो, आधी सुटे प्रोटॉन-न्यूट्रॉन निघतात, मग जवळजवळ नि एकाच वेगानं चाललेले चिकटतात. पहिल्या तटाचा मला कायम राग. शिशाची अणुकेंद्रं एकमेकांवर आदळली की किती कण निघतील याचा त्यांचा हिशेब झकास जमतो, पण "कसे?" विचारलं की गप्प. गुऱ्हाळाच्या वहीत किती रवे निघाले ते असतं. गूळ कसा धरला ते गुळव्याला विचारावं लागतं.

ॲलिसवाल्यांनी 2025 मध्ये तेच केलं, आणि विचारलं पायॉन नावाच्या हलक्या कणाला. टकरीत डेल्टा नावाचा कण जन्मतो नि प्रोटॉनच्या आकाराएवढं अंतर जाईतो फुटतो: एक पायॉन, एक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन. हा नवा न्यूट्रॉन शेजारच्या प्रोटॉनला चिकटला तर ड्यूटेरॉन होतो. पायॉन मोकळा सुटतो, पण त्याचा नि ड्यूटेरॉनचा संवेग जोडीनं मोजला तर डेल्टाची खूण त्यात सापडते. ड्यूटेरॉन थेट जाळातून आला असता, तर ही खूण राहिलीच नसती. खूण सापडली, आणि तीही बहुतांश ड्यूटेरॉनसाठी. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हेच, की साक्ष दिली निघून गेलेल्यानं.

 

हे काम प्रोटॉन-प्रोटॉन टकरींचं आहे. शिशाच्या मोठ्या टकरींत हेलियमचं काय होतं, यावर पहिला तट अजून भांडेल, आणि भांडावंच. शिवाय अवकाशातून प्रतिड्यूटेरॉन आले, तर ते कृष्णद्रव्याचे (विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचे) की साध्या टकरींचे, हे ओळखायला ही घडण कळावीच लागते.

मामांना एवढं सगळं सांगणार होतो. पण पाक आला होता, काहील उतरवायला माणूस कमी होता, मोबाइल खिशात टाकून उठलो.