‘बीचफ्रंट म्हणे! पोहायला नुसते दगड’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, आज सकाळी चहा घेताना परत वाचला. दोन तारे आणि चार तक्रारी. फोटोत दारासमोर निळंशार पाणी, प्रत्यक्षात दोन्ही दिवस दगड. मुलीच्या पायाला प्रवाळ कापलं तर आमच्याकडे साधी पट्टी नाही. राधानगरच्या किनाऱ्यावर आमच्या ड्रायव्हरने मुलांवर आरडाओरडा केला. आणि सुरमईची थाळी महाग. थाळीचं आधीच सांगून टाकतो: इथे अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर कांदा-बटाट्यापासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत सगळं बोटीने येतं, दर आहे तोच राहील. बाकीचं नीट बोलू.

तो फोटो मीच काढलाय, सकाळी नऊ वाजता, भर भरतीला. ओहोटीचे फोटोही माझ्या मोबाइलमध्ये पडलेले आहेत. ते लावले तर कोण येणार, म्हणून लावले नाहीत. याला लबाडी म्हणालात तर मी भांडणार नाही.

आता ते दगड. हॅवलॉकला (तिकिटावर 2018 नंतर स्वराज द्वीप झालं, बोलताना अजून हॅवलॉकच) बहुतेक राहायच्या जागा पूर्वेच्या अंगाला आहेत, गोविंदनगर आणि विजयनगर, म्हणजे इथल्या भाषेत तीन नंबर आणि पाच नंबर. या बाजूला तळ वाळूचा नाही. नारळाखाली पट्टाभर वाळू, आणि तिच्यापुढे मेलेल्या-जित्या प्रवाळाचं सपाट खडप. भरतीला त्यावर छातीभर पाणी असतं आणि काचेसारखं दिसतं. ओहोटीला तेच खडप शंभर-दीडशे पावलं उघडं पडतं, खेकडे फिरतात, आणि पोहायचं म्हणाल तर गुडघ्याएवढं डबकं शोधावं लागतं.

तुम्ही आलात दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी. म्हणजे ऐन उधाण, पाणी जितकं चढणार तितकंच मागे जाणार. मी मूळचा मालवणचा. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. तोच हिशेब मी इथे घेऊन आलो आणि पहिल्याच महिन्यात पाहुण्यांसमोर तोंडावर आपटलो. इथे पौर्णिमेची भरती नऊ-दहाच्या सुमाराला येते आणि तीन-चारला समुद्र पार आटलेला असतो. तुम्ही जेवून बरोबर तीनला टॉवेल घेऊन खाली उतरलात. दुसऱ्या दिवशी नऊला, माझ्या दारात पाणी तुडुंब असताना, तुमच्या टूरवाल्याने तुम्हाला एलिफंट बीचच्या बोटीत बसवलं होतं. परत आलात तेव्हा पुन्हा तीन. थांबून बघू म्हणावं तर डिसेंबरात पाचलाच सूर्य बुडतो. दोन दिवसांत तुम्हाला भरती एकदाही दिसली नाही!

टूरवाल्याचं टूरवाला बघेल. पण खोलीची किल्ली हातात देताना ‘उद्या सकाळी आठ ते अकरा पाणी आहे, तेवढ्यात पोहून घ्या’ हे एक वाक्य आमच्याकडून यायला हवं होतं. ते आलं नाही. बुकिंगच्या पानावर ‘पोहण्यायोग्य किनारा’ या चौकटीत टिक होती, ती काल रात्रीच काढली. ओहोटीचा फोटोही लावला, तुमचा हिरवा टॉवेल असलेला नव्हे, दुसरा.

मुलीच्या पायाचं वाचून मात्र खरंच वाईट वाटलं. प्रवाळाची जखम दिसायला खरचटल्यासारखी असते, पण आत बारीक कण राहिले की आठ-आठ दिवस चिघळते. ती आधी स्वच्छ पाण्याने घासून धुवावी लागते. आमच्या पोराने त्यावर हळद दाबली, त्याच्या आजीने शिकवलेलं. प्रथमोपचाराची पेटी ऑफिसच्या कपाटात होती, कपाटाला कुलूप, आणि किल्ली माझ्या खिशात, मी पोर्ट ब्लेअरला बाजाराला गेलेलो. याला काही उत्तर नाही. पाय आता कसा आहे ते जरूर कळवा.

ड्रायव्हरबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. राधानगर पश्चिमेला, तळ स्वच्छ वाळूचा, जीवरक्षक असतात, 2020 साली ब्लू फ्लॅगही (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला. डिसेंबर ते एप्रिल तिथलं पाणी मवाळ असतं. पावसाळी वारा लागला की तोच किनारा माणसाला आत ओढतो. तुमची मुलं तिथल्या लाटांना बिचकली आणि टोकाला जे हिरवं, तळ्यासारखं संथ पाणी आहे, तिकडे पळाली. त्याला नील्स कोव्ह म्हणतात. बघितलं तर अख्ख्या बेटावर लहान मुलांना सोडावं अशी तीच जागा वाटते. 2010 च्या एप्रिलमध्ये तिथेच स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीला खाऱ्या पाण्यातल्या मगरीने मारलं. तिथे पाण्यात उतरायला मनाई आहे. आमचा ड्रायव्हर बंगाली, हिंदी मोडकीतोडकी, घाबरला की आवाज चढतो. तुम्ही लिहिलंय ‘मुलांना हाताला धरून ओढलं’. ओढलं असेल. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ओढेल.

पैशांचं. तुम्ही दोन रात्रींचे परत मागितलेत. एका रात्रीचे तुमच्या खात्यावर आज पाठवतोय, फोटोपायी. दुसऱ्या रात्रीचे देत नाही. खोली, पाणी, अंथरूण यांबद्दल तुमची काही तक्रार नव्हती, आणि सासूबाईंना झोपाळा आवडला असं तुम्हीच लिहिलंय.

हे वाचून कुणी बुकिंगचा विचार करत असेल तर: पोहणं हाच बेत असेल तर माझ्याकडे राहू नका, राधानगरच्या बाजूला जागा बघा. मोजक्या आहेत आणि महाग आहेत. माझ्याकडेच यायचं असेल तर कॅलेंडरात अष्टमी-नवमी बघून या. तेव्हा भांगाचं पाणी असतं, फार मागे जात नाही, आणि भरती दुपारी तीन-चारला सापडते. पायात रबरी बूट हवेतच. संध्याकाळी वाळूत बसणार असाल तर पायांना खोबरेल लावा, बारीक माश्या फोडून काढतात.

पेटीची किल्ली आता काउंटरच्या खिळ्याला टांगलीय, शेजारी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहितो. पोराने काल ‘भरती’ला वेलांटी ऱ्हस्व काढली होती, ती पुसून दीर्घ केली.