शंख, चक्र आणि साडेबारा टक्के

आपलं मूल शाळेच्या गुणपत्रकात मावत नाही, हे तुम्हाला पटलं ना? मग वेळ न दवडता दुसरं गुणपत्रक मागवा: बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणारं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये मांडलं, की बुद्धी एक नसून सात आहेत. पुढे निसर्गाची जाण धरून आठ झाल्या. त्याला पुरेसा प्रायोगिक पुरावा नाही, असं बरेच मानसशास्त्रज्ञ म्हणतात, ते सोडा. गार्डनर यांचा आक्षेप होता हुशारी एकाच आकड्यात कोंबण्यावर. तो नीट समजून घ्या आणि एकाऐवजी आठ आकडे मागा.

त्यासाठी बोटांच्या ठशांची चाचणी उत्तम. गार्डनर यांच्या मांडणीत ठसे कुठेच नाहीत, पण आजी शंख-चक्रं मोजून राजयोग सांगायचीच की. इथे तेच गुळगुळीत कागदावर छापून मिळतं. बोटं कोरडी करून स्कॅनरवर टेकवा. घामट बोटाचा ठसा पुसट उठला, तर एखादी बुद्धी हकनाक जायची. अहवालात 100 टक्के आठ बुद्धींत वाटले की सरासरी 12.5 येते, म्हणून सगळं लक्ष दशांशावर ठेवा. संगीत 13.1, गणित 11.9? लगेच तबल्याचा क्लास. (बेरीज 100च ठेवायची, तर एक वाढलं की दुसरं घटणारच. हा गुण मेंदूचा नाही, वाटणीचा आहे. पण समुपदेशकासमोर हे काढू नका, बिचाऱ्याचा हिरमोड होतो.)

चाचणी भरवशाची आहे, याबद्दल निश्चिंत राहा. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात साधारण दहाव्या ते चोविसाव्या आठवड्यात ठरतात आणि जन्मभर तशाच राहतात. मुलाने दहा वर्षं रियाज केला काय, तबल्यावर कपडे वाळत घातले काय, ठसा तोच. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं मनोविकारतज्ज्ञांची संघटना असलेल्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने सांगितलंय, पण त्यांनी तरी कुणाची बोटं पाहिलीत?

एकच पथ्य: मूल काही करत असताना त्याच्याकडे बघत बसू नका. ब्राझीलच्या रेसिफे शहरात संशोधकांनी ही चूक केली. रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांकडून, वयं 9 ते 15, त्यांनी आधी गिऱ्हाईक होऊन खरेदी केली. बारा वर्षांच्या पोराला विचारलं, 35 क्रुझेरोंचा (तेव्हाचं तिथलं चलन) एक नारळ, तर चारांचे किती? तो म्हणाला, तिनांचे 105, त्यात 30 म्हणजे 135, एक नारळ 35चा, म्हणजे 140. नंतर त्यालाच 35 गुणिले 4 कागदावर मांडायला दिलं. चार पंचे वीस, हातचे 2. ते 3 मध्ये आधीच मिळवून 5. पाच चोक वीस. उत्तर 200! ठेल्यावर या मुलांची 98 टक्के उत्तरं बरोबर आली होती, नुसत्या आकडेमोडीत जेमतेम 37. हा अभ्यास 1985 मध्ये छापून आला.

तेव्हा मुलाला वाण्याकडे पाठवू नका. पाठवलंच, तर तो सुटे पैसे मोजून घेत असताना दुसरीकडे बघा. अहवाल अजून यायचाय.