पुस्तकात असं नव्हतं

गेल्या रविवारी दुपारी माझ्या तोंडावर टॉर्च मारण्यात आला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, बायकोच्या देखत, भरल्या थिएटरात. टॉर्चच्या मागून एक विशीतला पोरगा म्हणाला, "सर, सुम्नं कूड्री." गप बसा. हेच वाक्य मराठीतून पोरांना म्हणत मी तेहेतीस वर्षं पगार घेतला. आता पेन्शन घेतोय, तर ते कन्नडमधून परत आलं.

सिनेमा 'ड्यून'चा दुसरा भाग, त्याच नावाच्या इंग्रजी विज्ञान-कादंबरीवरचा. 1 मार्च 2024 ला लागला. आमच्याकडे दुपारी हिंदी आणि रात्री साडेदहाला इंग्रजी अशी वाटणी होती. सिनेमा 166 मिनिटांचा. त्यात जाहिराती आणि मध्यंतर धरलं तर घरी पोचायला पावणेदोन-दोन होणार, आणि ती वेळ आमच्या टिळकवाडीतल्या कुत्र्यांना मान्य नाही. म्हणून हिंदी. पाट्या कन्नड, पडदा हिंदी, शेजार मराठी आणि डोक्यात इंग्रजी पुस्तक. बेळगावात हे रोजचंच.

आता शेजाराबद्दल. आमच्या गावात विनोदी लिहायला बसलं की मानगुटीवर पुलं बसतात. ते इथं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते आणि जाताना गावातली सगळी भारी माणसं पोत्यात घालून घेऊन गेले. आमच्या वाट्याला कोण उरलं, तर वाळूवाले.

उजव्या हाताच्या खुर्चीत साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ येऊन बसले. पांढरा शर्ट, खिशात दोन फोन आणि एक मळकी डायरी. बसल्या बसल्या त्यांनी स्वतःहून खुलासा केला, "पोरगं बाजूच्या पडद्याला गेलंय. मैतरीण हाय संगट. मला म्हटला, पप्पा तुम्ही हे बघा. ह्यात समदी वाळूच हाय म्हणं." मी हसलो. ते हसले नाहीत. खानापूरच्या बाजूला त्यांचा वाळू-खडीचा धंदा होता.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर क्षितिजापर्यंत वाळू. थिएटर गप्प. मीही गप्प, कारण ह्या दृश्याची मी अडतीस वर्षं वाट बघत होतो. आणि उजवीकडून आवाज आला, "किती ब्रास असंल ओ सर?"

ज्यांनी घर बांधलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ज्यांनी बांधलंय त्यांना तो शब्द ऐकूनच धडधडतं. मी म्हणालो, "अख्खा ग्रहच वाळूचा आहे." त्यांनी पडद्याकडे पुन्हा एकदा, गिऱ्हाईक नीट बघावं तसं बघितलं. "असंल. पण कामाची नव्हं."

"म्हणजे?"

"वाऱ्यानं घासून गोल झाल्या ही वाळू. गोट्यांसारखी. सिमेंट धरत न्हाई. नदीच्या वाळूला कोर असते, कोर. ही दुबईची वाळू हाय. माझा भाचा तिकडं हाय, ते लोक बांधकामाला भायेरनं वाळू मागवतात. वाळवंटात बसून." मग जरा थांबून, "एवढी वाळू, आणि एक टिप्पर दिसंना झालाय."

घरी आल्यावर मी शोधलं. चित्रीकरण जॉर्डनच्या वाडी रममध्ये आणि अबू धाबीच्या वाळवंटात झालेलं आहे. दुबई नाही, अबू धाबी. ही चूक त्यांना कळवावी असं मला फार वाटलं, पण तो वाद घालायला मी अजून तेवढा खाली आलेलो नाही. तेव्हा आलो नव्हतो, असं म्हणू.

नायक वाळूवरून चालायला लागला. दोन पावलं, मग पाय फरपटत, मग थांबून एक पाऊल, मग गिरकी. "ह्यो असा का चालूलालाय? पायाला लागलंय काय?" मी हळू आवाजात सांगितलं की ठेक्यात चाललं तर जमिनीखालच्या प्रचंड किड्याला चाहूल लागते आणि तो येऊन गिळतो. ह्यावर त्यांनी मान डोलावली. त्यांच्या धंद्यात रात्री असंच चालावं लागत असेल, मी विचारलं नाही. किडा वर आला, शंभर फूट वाळू उडवत. सगळ्या थिएटरनं श्वास रोखला. "हे जनावर असलं तर जेसीबी कशाला लागतोय," ते म्हणाले. म्हणाले म्हणजे, खानापुरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. टॉर्च आला नाही. हे लक्षात ठेवा.

हे पुस्तक माझ्या आयुष्यात 1986 साली आलं, पुण्याला अप्पा बळवंत चौकात, जुन्या पुस्तकांच्या ढिगातून. पाठीचा कणा मोडलेला, पहिल्या पानावर कुणा अनोळखी माणसाची सही. फ्रँक हर्बर्टनं ते 1965 साली काढलं. वीसेक प्रकाशकांनी नाकारलेलं, शेवटी चिल्टन नावाच्या कंपनीनं छापलं, आणि ही कंपनी प्रसिद्ध होती मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी. मागे शब्दकोश जोडावा लागलेली कादंबरी मी तेवढीच बघितली आहे. तीनदा वाचली. मग ती कुणाशी तरी बोलावी असं वाटायला लागलं, आणि इथून माझे हाल सुरू झाले.

कारण बोलायचं कुणाशी? स्टाफरूममध्ये मी एकदा विषय काढला. वाळवंटातले किडे, त्यांच्यामुळे तयार होणारा मसाला, तो मसाला खाऊन जहाजं हाकणारी माणसं. मराठीचे सर म्हणाले, "मसाला? गरम का कांदा-लसूण?" पुढे निवृत्त होईपर्यंत शिक्षकांत मी 'मसालेवाले सर' होतो. विज्ञानकथा म्हटलं की गावात एकच नाव, नारळीकरांचं. ते कोल्हापूरचे, म्हणजे जवळजवळ घरचेच. त्यांच्या पलीकडे कुणी काही लिहितं ह्यावर लोकांचा विश्वास नव्हता. बायकोला मी कथा सांगायला घेतली की घराण्यांच्या नावांपाशीच ती गॅस बंद करायला उठते. गॅस बंदच असतो.

1984 सालचा जुना सिनेमा मी कॅसेट भाड्यानं आणून एकट्यानं बघितला. डेव्हिड लिंचचा. सगळं पुस्तक एका सिनेमात कोंबलेलं, आणि शेवटी काय केलं असेल? पाऊस पाडला. अराकिसवर, त्या वाळूच्या ग्रहावर! अहो, पाण्यानं ते किडे मरतात. किडे मेले की मसाला गेला, मसाला गेला की सगळा डोलारा गेला. हा संताप मी इतकी वर्षं कुणाला ऐकवू शकलो नाही. मध्यंतरात तो वाळूवाल्यांना ऐकवला. ते पॉपकॉर्न खात म्हणाले, "बरोबर हाय की. पाऊस पडला की वाळूचा धंदा बंदच." मला गळ्यात पडावंसं वाटलं.

मध्यंतरात त्यांनी मला एक विद्याही दिली. वाळू चांगली का वाईट, कशी ओळखायची? हातातली पाण्याची बाटली त्यांनी समोर धरली. "ह्यात हितपर्यंत वाळू घालायची." बोट तिसऱ्या हिश्शावर. "वर पाणी. झाकण लावून खदाखदा हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू जड, खाली बसते. माती मागनं सावकाश बसते, वर थर धरते. बोटभर गाळ आला की लोड परत. कुणी कितीबी गोड बोलूदे." ते बोलताना त्यांचा अंगठा बाटलीवर गाळाची रेघ ओढत होता. मी त्या बदल्यात चिल्टनची गोष्ट सांगितली. "मोटरवाल्यांनी छापलं? मग बरोबर. गॅरेजवाल्याला माणूस कळतोय," ते म्हणाले. ह्यात काही अर्थ आहे का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग दुसरा अर्धा. आणि त्यांनी तो प्रश्न विचारला.

"सर, एवढी विमानं उडूलालेत, मग ह्यांच्यात कॉम्प्युटर कसा नाही ओ?"

अडतीस वर्षांत हा पहिला माणूस, ज्यानं मला ह्या पुस्तकाबद्दल प्रश्न विचारला. तोही नेमका. सिनेमा ह्या बाबतीत तोंडच उघडत नाही. मी वळून बसलो. मी सांगायला लागलो की हजारो वर्षांपूर्वी माणसांनी विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध बंड केलं, ती सगळी फोडून टाकली, पुन्हा बनवायची नाहीत असा धर्मच केला, म्हणून हिशेबासाठी माणसंच तयार करतात, आणि यंत्राशिवाय ताऱ्यांमधून जहाज न्यायचं तर पुढचं दिसायला पाहिजे, आणि ते दिसतं मसाल्यामुळे, म्हणून ह्या वाळूला एवढा भा...

भाव शब्द तोंडातच राहिला. टॉर्च.

पुढच्या रांगेतल्या पोरांनी तक्रार केली होती. "मागचे काका क्लास घेऊलालेत," हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. वाळूवाल्यांनी तोवर दोन फोन घेतले होते, एका ड्रायव्हरची आई काढली होती, खलनायकाच्या टकलावर मत दिलं होतं. त्यांना कुणी काही बोललं नाही. उलट त्या पोरांतला एक मागे वळून त्यांना म्हणाला, "काका, भारी बोलूलालाय." मी गप्प बसलो. बायकोनं अंधारात माझ्या हातावर थोपटलं, आणि ते टॉर्चपेक्षा जास्त लागलं.

आता सिनेमाबद्दल, कारण मला मत आहे आणि ते त्या दिवशी मला सांगू दिलेलं नाही. दिसायला सिनेमा अचाट आहे. काळ्या सूर्याखालचा तो काळापांढरा आखाडा मी डोळ्यांसमोर कधी आणूच शकलो नव्हतो. पण आलिया कुठं आहे? पुस्तकात नायकाची धाकटी बहीण जन्मते, दुडदुडत्या वयात म्हातारीसारखं बोलते आणि स्वतःच्या आजोबाला, त्या महाभयंकर बॅरनला, विषारी सुईनं मारते. सिनेमात ती आईच्या पोटातच. शेवटपर्यंत! काही वर्षांची कथा आवळून नऊ महिन्यांच्या आत बसवली, म्हणून बिचारीला जन्मच मिळाला नाही. बॅरनला नायकच मारतो. आणि नायकाची प्रेयसी चानी, जी पुस्तकात शेवटपर्यंत त्याच्या बाजूला उभी असते, ती इथं रागानं निघून जाते, किड्याची वाट बघत. मी इतका चिडलो की आवाज न करता पुटपुटलो, "पुस्तकात असं नाही."

उजवीकडून उत्तर आलं, ह्या वेळी त्यांनीही आवाज बारीक केला होता, बहुतेक माझी दया येऊन. "पोरगी शहाणी हाय. ह्या पोराचं खरं नव्हं. सुरुवातीला म्हटला, मला खुर्ची नको. आता समदी पाया पडूलालेत तर बघा कसा उभा हाय. आमच्या पंचायतीत असले तीन बघितलेत."

आता ही गोष्ट अशी आहे की लोकांनी पॉलला, म्हणजे ह्याच पोराला, नायक मानलं ह्याचं हर्बर्टला दुःख होतं. तारणहारापासून सावध राहा हे सांगायला पुस्तक लिहिलं, आणि लोक तारणहाराच्याच प्रेमात पडले. म्हणून त्यानं 1969 साली पुढचा भाग काढला. दिग्दर्शक व्हिलनव्हनं चानीला बदललं ते ह्यासाठीच. मला पहिल्या दोन वाचनांत हे कळलं नव्हतं, मी पॉलच्याच बाजूनं होतो, स्टाफरूमविरुद्ध. ह्या गृहस्थांना एका दुपारी कळलं, मध्ये फोन घेऊन. तरीही आलियाचं मी माफ करणार नाही.

बाहेर पार्किंगमध्ये ते पोराची वाट बघत उभे होते. बायकोनं विचारलं, "न्हाणीघराच्या गिलाव्याला अर्धा ब्रास मिळेल काय ओ?" त्यांनी डायरी काढली. मला वाटतं आमच्या कुटुंबात सिनेमाचा फायदा तिलाच झाला.

गुरुवारी सकाळी छोटा टिप्पर दारात. वाळू ओतली, ते स्वतः आले होते. आत येऊन चहा घेतला, कपाटातलं पुस्तक हातात घेऊन वजन बघितलं, "अर्ध्या विटेएवढं हाय," म्हणून परत ठेवलं. ते चहा पीत असताना मी मागच्या दारी गेलो, रिकामी बाटली घेतली, तिसऱ्या हिश्शापर्यंत वाळू, वर पाणी, खदाखदा. ती आणून त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवली आणि आम्ही दोघं बघत बसलो. वाळू खाली बसली. मग सावकाश, अगदी सावकाश, वर तांबूस थर धरायला लागला. मी बोट लावलं. बोटभर. नखासकट.

अडतीस वर्षांचं सगळं साठवून मी म्हणालो, "तुम्ही सांगितलंत ते असं नव्हतं."

त्यांनी बाटली उजेडाला धरून बघितली, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "नदीतनं उचलून तुमच्या दारात आणायचं म्हणजे थोडा फरक पडतोच की ओ सर."

पैसे बायकोनं आधीच दिले होते.