वरचा खांब फिरत नाही म्हणजे गिअरबॉक्स गेला?

एक मेसेज सध्या या हातातून त्या हातात फिरतोय. थोडक्यात असा: ‘टॉप लोड वॉशिंग मशीनचा अ‍ॅजिटेटर कपडे खालीवर करत नसेल, तर गिअरबॉक्स गेला असं समजा. अ‍ॅजिटेटर उघडायच्या भानगडीत पडू नका, तो निघत नाही. तोवर ग्रीस लावा किंवा चिकटवून टाका आणि नवं मशीन बघायला लागा.’

तीनच वाक्यं आहेत, पण एकेकाचा समाचार घ्यायला हवा. आधी एक स्पष्ट करतो: हे सगळं टबच्या मधोमध कपडे घुसळणारा उंच खांब, म्हणजेच अ‍ॅजिटेटर, असलेल्या मशीनबद्दल आहे. तळाला नुसती पसरट तबकडी असलेल्या पल्सेटर मशीनकडे शेवटी येतो.

‘गिअरबॉक्स गेला असं समजा.’ का समजायचं? हा खांब एकसंध दिसतो, पण बऱ्याच मशीनमध्ये तो दोन भागांचा असतो. खालचा पंखांचा घेर गिअरबॉक्समधून वर येणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, दातऱ्यांवर घट्ट बसलेला असतो आणि रवीसारखा उलटसुलट हिसके देतो. वरचा मळसूत्री भाग मात्र एकाच दिशेने, टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो आणि वरचे कपडे खाली ओढतो. एकाच शाफ्टवर असून त्याची चाल वेगळी कशी? तर या दोन भागांच्या मध्ये प्लास्टिकचे छोटे खटके असतात, बहुतेक रचनांत चार. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये ज्यांना कुत्री म्हणतात, तेच काम. गंमत म्हणजे यांचंही नाव ‘डॉग’च आहे. एका दिशेला ते वरच्या भागाच्या आतल्या दात्यांत अडकतात, उलट्या दिशेला घसरतात. त्यांची टोकं झिजून गुळगुळीत झाली की दोन्हीकडे घसरतात. मग खालचा घेर जोरात घुसळतोय आणि वरचा खांब ढिम्म, असं दृश्य दिसतं. कपडे वरच्या वर तरंगत राहतात.

आता मेसेज लिहिणाऱ्याने एवढाच विचार करायला हवा होता: गिअरबॉक्सपासून वरच्या भागाला स्वतंत्र जोडणी नसतेच. त्याला जी काही चाल मिळते ती खालच्या भागाकडून, या खटक्यांमार्फत. खालचा भाग नीट हिसके देत असेल, तर गिअरबॉक्सने आपलं काम केलेलं आहे.

खात्री करायला अर्धा मिनिट पुरतो. प्लग काढा आणि वरचा भाग हाताने फिरवा. एका दिशेला मोकळा फिरून दुसऱ्या दिशेला अडला, तर खटके ठीक. दोन्हीकडे सैल फिरला, तर खटके संपले.

दुसरा प्रकार थोडा फसवा. मोटर चालल्याचा आवाज येतो, पण अख्खा अ‍ॅजिटेटरच हलत नाही, किंवा कपडे घातले की थांबतो. इथे गिअरबॉक्सवर संशय जाणं स्वाभाविक आहे. पण अ‍ॅजिटेटरच्या आतल्या, शाफ्टवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या खाचा झिजल्या तरी हेच होतं, कारण शाफ्ट धातूचा आणि खाचा प्लास्टिकच्या. प्लग काढून वरचं टोपण आणि त्याखाली असलेलं आतलं झाकण काढा. आत मधोमध बोल्ट दिसेल, तो थेट शाफ्टमध्ये बसलेला असतो. बोल्टच्या डोक्यापासून बाजूच्या प्लास्टिकपर्यंत मार्करने एक रेघ ओढा आणि खालचा घेर हाताने फिरवा. रेघ तुटली, म्हणजे प्लास्टिक फिरलं आणि बोल्ट जागीच राहिला, तर दोष खाचांचा.

रेघ शाबूत, कपडे पिळायची फेरीही व्यवस्थित, तरी घुसळणं बंद. किंवा मशीनखाली तेल साचलंय, तर गिअरबॉक्सवर बोट ठेवायला हरकत नाही. मोटर चालू असून घुसळणं आणि पिळणं दोन्ही बंद असेल, तर आधी पट्टा बघावा. पट्टा नसलेल्या मशीनमध्ये मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं कपलिंग बघावं. ते रबर-प्लास्टिकचं असतं, आणि जास्त ताण आला की पुढच्या महागड्या भागांआधी तुटतं.

‘तो निघत नाही.’ निघतो, फक्त रुसलेला असतो. लांब एक्स्टेन्शन लावून सॉकेट पान्याने बोल्ट सोडवायचा. काही रचनांत बोल्टच नसतो, खांब सरळ वर ओढायचा असतो. अडतो तो वर्षानुवर्षं जमलेल्या साबणाच्या थरामुळे. त्यावर गरम पाणी ओतून थोडा वेळ थांबा, मग घेराखालून मजबूत पट्टा घालून दोन्ही हातांनी सरळ वर ओढा, अधूनमधून डोलवत. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका. घेराची कड तुटते, नाहीतर टबला ओरखडे पडतात. नुसते खटके बदलायचे असतील तर तेवढेच सुटे मिळतात, अख्खा अ‍ॅजिटेटर घ्यावा लागत नाही.

बसवताना एकच सावधगिरी: खटक्यांना उलटसुलट बाजू असते. मी पहिल्यांदा चारही खटके उलटे बसवले, मोठ्या ऐटीत मशीन चालू केलं, आणि खांब पूर्वीइतकाच ढिम्म. तेव्हापासून जुने काढण्याआधी फोटो काढतो. आतल्या झाकणाची रबरी रिंगही जागेवर बसू द्या, नाहीतर पाणी शिरून बोल्ट गंजतो आणि पुढच्या वेळी ‘निघत नाही’ हे खरं ठरतं.

‘ग्रीस लावा किंवा चिकटवून टाका.’ झिजलेलं टोक ग्रीसने परत उगवत नाही. जे टोक घसरतंय म्हणून तक्रार, त्यालाच आणखी निसरडं करायचं, हे डोकं कोणाचं? वर ते ग्रीस पाण्यात उतरून कपड्यांना लागणार, ते वेगळंच. चिकटवण्याचं तर त्याहून अवघड. अ‍ॅजिटेटर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्याला साधे गोंद धरत नाहीत. समजा धरलाच, तर वरचा भाग खालच्यासोबत उलटसुलट हलू लागेल. कपडे खाली ओढण्याची क्रियाच संपली. शाफ्टवर चिकटवलात तर पुढे कधी सील बदलायची वेळ आली की अ‍ॅजिटेटर फोडूनच काढावा लागेल.

नवे खटके घालूनही टब खांबाच्या टोकापर्यंत ठासून भरत राहिलात, तर ते पुन्हा लवकर झिजतील.

पल्सेटर मशीनमध्ये हे खटके नसतात. तबकडी मधल्या एका स्क्रूवर निघते. तिच्याखाली नाणं किंवा मोजा अडकलाय का ते बघा आणि मग खाचा तपासा. दोन्ही प्रकारांत शाफ्टच्या दातऱ्यांवरून बोट फिरवून बघा. त्या धारदार असतील तर नवा भाग बसवा. त्याच गोल झाल्या असतील, तर नवं प्लास्टिकही त्यांच्यावर टिकणार नाही. मग शाफ्ट बदलायला गिअरबॉक्सपर्यंत जावं लागतं, आणि त्या खर्चाचा हिशेब करताना मेसेजमधला नवं मशीन बघण्याचा सल्ला विचारात घ्यायला हरकत नाही.