‘एसीत बसून नकाशे बघणारे’ या शेऱ्याला उत्तर

एमएच१७, म्हणजे १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडलं गेलेलं मलेशिया एअरलाइन्सचं प्रवासी विमान; त्यावरच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. आपलं म्हणणं असं: कंपन्यांनी इंधन वाचवायला युद्धभूमीवरून विमानं नेली आणि मी त्यांना पाठीशी घातलं; कोरियन एअर तर मार्चपासूनच वळसा घालत होती; माझा आकडा चुकला; आणि ‘एसीत बसून नकाशे बघणाऱ्यांनी मेलेल्यांवर लिहू नये.’

आकडा चुकला, कबूल. ‘२९८ प्रवासी’ नव्हे; प्रवासी २८३ आणि कर्मचारी १५. दुरुस्त केलंय. आभार.

पण ते शेवटचं वाक्य? मतभेद असावेत, पण ही काय बोलायची रीत झाली? माझ्याबद्दल काय माहीत आहे आपल्याला? एकवीस वर्षं मी एका विमान कंपनीत डिस्पॅचर होतो, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आणि उंची आखणारा. रात्रपाळीला नोटॅमचा, म्हणजे विमानांसाठीच्या अधिकृत सूचनांचा, गठ्ठा घेऊन बसायचो, पिवळ्या मार्करने ओळी रंगवायचो. फ्लाइट प्लॅनवर वैमानिकाआधी माझी सही असायची. हो, खोलीत एसी होता.

१४ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनमध्ये लष्कराचं अँतोनोव्ह मालवाहू विमान पाडलं गेलं. त्याच दिवशी युक्रेनने तिथलं आकाश ३२ हजार फुटांपर्यंत बंद केलं. नोटॅममध्ये कारण दिलेलं नव्हतं. खाली बंद, वर खुलं, बस. एमएच१७ पाडणाऱ्या, जमिनीवरून सुटणाऱ्या बुक क्षेपणास्त्राच्या दृष्टीने ३२ हजार काय आणि एमएच१७ चे ३३ हजार काय, पण खाली बुक उभं आहे हे आमच्या टेबलावर येणार कुठून? त्या चार दिवसांत ३२ देशांच्या ६१ कंपन्या तिथून गेल्या. एमएच१७ पडलं तेव्हा त्याच टापूत आणखी तीन विमानं होती, त्यांतलं एक एअर इंडियाचं, दिल्लीहून बर्मिंगहॅमला निघालेलं. हे सगळे इंधनाचे लोभी? आकाश पूर्ण बंद करायला युक्रेनकडे पुरेसं कारण होतं, असं डच सुरक्षा मंडळाने २०१५ मध्ये स्वच्छ म्हटलंय. आणि हेगच्या न्यायालयाने २०२२ मध्ये तिघांना जन्मठेप दिली, त्यांत कुठल्या कंपनीचा माणूस नव्हता.

कोरियन एअरचं म्हणाल, तर एका कंपनीवरून सगळ्यांना तोलता येत नाही. त्यात मी शिरत नाही.

१६ जुलैला दिल्लीहून युरोपला जाणारं एक विमान मी त्याच वाटेने काढलं होतं, ३४ हजार फुटांवरून. १८ तारखेला ड्युटीवर गेलो तेव्हा तो प्लॅन फाइलला लावलेला होता, माझ्या सहीसकट. कितीतरी वेळ तो आकडा बघत बसलो. ती रात्र माझ्या घरचे अजून विसरलेले नाहीत. आणि मेलेल्यांवर मी लिहायचं नाही, हे तुम्ही सांगणार?

प्रतिक्रिया उडवत नाही, राहू द्या. ते वाक्य तेवढं मागे घ्या.